डाव्या हातासाठी घड्याळ

अपघातानंतर आठ महिन्यांनी ताई सोमवारपासून पुन्हा ऑफिसला जाणार होती. "त्याआधी घड्याळ घेऊ, चांगलं भारीतलं," म्हणाली आणि मला सोबत घेऊन गेली.

दुकानदाराने नाजूक पट्ट्याची दोन-तीन घड्याळं पुढे केली. "ऑफिसला साधंच शोभून दिसतं, मॅडम." ताईने ती बाजूला सारली आणि सगळ्यात मोठ्या, सोनेरी घड्याळावर बोट ठेवलं. किंमत ऐकून मी तिला थांबवणार होतो, पण पगार तिचा, हौस तिची.

"उजव्या हातात घालशील ना?" मी हळूच विचारलं.

"छे, डाव्याच!" तिने बाही वर सरकवली आणि नवा कृत्रिम हात काउंटरवर ठेवला. "लोक टक लावून बघणारच आहेत रे. मग बघण्यासारखं काहीतरी नको का?"

 दुकानदाराने पट्ट्याच्या दोन कड्या काढल्या, घड्याळ त्या मनगटावर चढवलं आणि सवयीने विचारून बसला, "घट्ट होत नाहीये ना?" लगेच त्याने जीभ चावली.

ताई खळखळून हसली. "विचारूच नका हो. आमच्या घरात कुरकुर न करणारा हा एकटाच आहे!"