पाच दसऱ्यांचं कुंकू

टेकचंदने कॅमेऱ्याच्या खालच्या लेन्सची कडी फिरवून काढली आणि काच फडक्यावर ठेवली. आत शटरची नखाएवढी पोलादी पानं एकमेकांवर मिटलेली होती. सगळ्यांच्या कडा लाल.

"अरे साईं," तो भिंगातून बघत म्हणाला, "हा गंज नाही. गंज असा नसतो."

हिरामण काउंटरवर वाकला. बघितलं, आणि लगेच सरळ उभा राहिला. उल्हासनगर कॅम्प चारमधलं ते दुकान टीचभर. त्याच्या मागे उंबऱ्यापाशी त्याची बायको सखू उभी होती. मांजर्लीहून इथवर ती कॅमेरा मांडीवर घेऊन आली होती, जुन्या खणात गुंडाळून. दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी तो बंद पडला. तेव्हापासून आठ दिवस ती एकच विचारत होती, माझ्या हातून तर काही झालं नाही ना?

"लग्नातला असंल," हिरामण म्हणाला. "शिरगावच्या लग्नात फोटो काढाया लय जवल गेलतो मी. कुंकवाचा नुस्ता धुरला."

टेकचंद सरळ माणूस. त्याने चिमट्याच्या टोकाने एक पान खरवडलं. "एका टायमाचं नाही हे. थर आहेत, बघा ना. वरचा ताजा, खालचा काळा पडलेला, त्याच्याखाली अजून एक. तेल पण आहे. कोणीतरी बोटाने लावलंय."



"पाच," मागून सखू म्हणाली. "पाच दसरे झाले त्याला घरात येऊन."

दसऱ्याला ती विळा पुजायची, कोयता पुजायची, नांगराचा फाळ धुऊन पुजायची. त्यांच्या शेजारी पाटावर हा दोन डोळ्यांचा काळा डबा. विळ्यावर घर चालायचं, तसं याच्यावरही चालायचं. त्याला कुंकू कसं नको?

"दोनी डोल्यांना लावायची मी," ती म्हणाली. "एकाला लावायचा नि एकाला उपाशी ठेवायचा, असा कसा?"

टेकचंदला हसू आलं. "भाभी, वरचा डोळा खाली बघायला. त्याला वाटीभर लावलं असतं तरी चाललं असतं. फोटो खालचा काढतो."

हिरामणने त्याच्याकडे असं बघितलं, की तो कापूस शोधायला लागला.

काडीला कापूस, कापसाला पेट्रोल. एकेक पान तो पुसत गेला, हलक्या हाताने, बाळाचे कान पुसावेत तसं. फडक्यावर लाल बोळे जमत गेले. सखू प्रत्येक बोळ्याकडे बघत होती.

"सुटेल की नाय?" तिने शेवटी विचारलं.

"बघू ना. स्प्रिंग मेला नसेल तर सुटेल."

लेन्स बसली. टेकचंदने शटरची चावी ओढली, बटण दाबलं. चट्. पुन्हा ओढली. चट्.

"जिंदा आहे!" त्याने हिरामणचा नवा रोल आत घातला आणि कॅमेरा पुढे केला. "आणि भाभी, पुढच्या दसऱ्याला चामड्याच्या कव्हरला लावा कुंकू. आत जाणार नाही."

"कवरला?" सखूच्या तोंडून निघून गेलं. "बैल सोडून कोनी गोठा पुजतो का?"

मग तिला फडक्यावरचे लाल बोळे दिसले. तिने हात पदराखाली घेतले.

"चल, घे," हिरामण कॅमेरा तिच्यापुढे धरत म्हणाला.

"तुमीच धरा. माझा हात नको आता त्याला."

"येताना कुनी आनला?"

"येताना ठाव नव्हता मला."

हिरामणने कॅमेरा काउंटरवर ठेवला. "बंद पडायच्या आधी आवाज बदललाय म्हनून कोन बोलला? मी? माझ्या हातात असतो रोज, मला नाय समजला. तू चुलीपाशी बसून बोललीस, आज तो दमून वाजतोय."

"ते वेगला."

"वेगला कसा?"



टेकचंद मधे पडला. "भांडण घरी करा. माझा कायदा आहे, रिपेर झाल्यावर पहिला फोटो इथेच काढायचा. ज्याचा कॅमेरा त्याने. उद्या मला बोलायचं नाही की टेकचंदने बिघडवला. चला, बाहेर उजेड आहे."

हिरामणने पट्टा उचलला आणि सखूच्या गळ्यात घातला. ती मागे सरली, पण तोवर कॅमेरा तिच्या पोटाशी आला होता. "हिचा हाय," तो टेकचंदला म्हणाला आणि तिच्याकडे न बघता पायरी उतरून बाहेर जाऊन उभा राहिला.

सखूला हात बाहेर काढावेच लागले. तिने वरचं झाकण उघडलं, मान खाली घातली. काचेत रस्ता होता, समोरचं कापडाचं दुकान होतं, आणि अगदी कडेला अर्धा हिरामण.

काचेत तो ज्या बाजूला होता, तिकडे ती वळली. हिरामण काचेतून निघून गेला.

"आवो, जाग्यावर ऱ्हावा ना!"

"जाग्यावरच हाय."

"मी तुमच्याकडं वलते, तर तुमी पलता!"

"भाभी, त्या काचेत डावं-उजवं उलटं—" टेकचंद सांगायला लागला. हिरामणने हात वर करून त्याला थांबवलं.

"तू नको हलू," तो म्हणाला. "मी येतो मधी. कंच्या अंगाला सरकू, तेवढा सांग."

"तिकडं. नाय, दुसऱ्या अंगाला. आनखी. आनखी थोडा."

तो सरकत गेला. गटारावरची फरशी सुटली, तो रस्त्यावर आला. सखूची मान वर झाली नाही.

"हां. आता हलू नका."

मागून रिक्षाने हॉर्न दिला. मग दुसरीने. हिरामण हलला नाही.