शेवटचा जुना टॅब

“आतलं काही हलवायचं नाही. चार्जिंगचं भोक तेवढं नीट करा,” टँकरवाला म्हणाला.

मिस्त्रीनं टॅब उलटापालटा करून बघितला. शाळेतून फुकट मिळालेला, जाड प्लॅस्टिकचा, चिखलात पडला तरी चालावा असा. मागच्या बाजूला भिंगरीनं पेनानं काढलेलं वेडंवाकडं फूल. भिंगरी म्हणजे टँकरवाल्याची पोरगी. वय नऊ, जीभ नव्वद.

“भोक करतोच हो. पण ह्यात अजून जुनेच धडे आहेत,” मिस्त्री म्हणाला. “मला इथं येऊन दोनच महिने झाले. तेवढ्यात पाच शाळांचे दोनशे टॅब नवे केले. हा एकटाच राहिलाय, रुसलेल्या जावयासारखा.”

“राहू दे.”

“अहो, मोठ्या शाळेची परीक्षा नव्या धड्यांतच उघडते. आज संध्याकाळी सहाला बंद. मग पोरगी काय करणार?”

“पुढच्या वर्षी देईल.”

“पुढच्या वर्षी वय निघून जाईल तिचं! हुशार पोरगी आहे. तिच्या पायावर धोंडा कशाला पाडताय?”

टँकरवाला हातातली किल्ली फिरवत राहिला.

भिंगरी काउंटरवर हनुवटी टेकून उभी होती. “काका, मागच्या वेळची बॅटरी मी जपून ठेवलीय. आणि मुका झालेला तो स्पीकरपण.”

ही मिस्त्रीची रीत. काढलेला भाग डबीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यायचा. काढलेलं दाखवलं नाही तर घातलेल्यावर कोण विश्वास ठेवणार, असं तो म्हणायचा. मोठी माणसं डबी दाराबाहेर फेकून देत. भिंगरी घरी नेऊन फळीवर मांडून ठेवी.

स्पीकर गेला होता तेव्हा पोरगी दोन दिवस धड जेवली नव्हती, असं टँकरवालाच सांगत होता. अभ्यासाचं एवढं वेड मिस्त्रीनं उभ्या जन्मात बघितलं नव्हतं.

त्यानं वायर तिरकी धरून टॅब चालू केला. भिंगरीनं उघडा ठेवलेला सतरावा धडा सुरू झाला. एक बाई भागाकार शिकवत होती. मधेच खोकली. चांगलीच खोकली. “थांबा हं, आलेच,” म्हणाली. भांड्याचा आवाज आला, पाणी प्यायल्याचा आवाज आला, मग पुन्हा भागाकार.

मिस्त्री खो खो हसला. “स्वस्तातला टॅब, स्वस्तातली बाई! निदान खोकला तरी कापायचा! नव्या धड्यांत बघा, कसा साखरेसारखा आवाज भरलाय.”

“आवाज बरा आहे,” टँकरवाला हळू म्हणाला. “चार वाजता येतो.”

पोरीला बोटाला धरून तो निघाला. दारातून मागे वळला. “आतलं हलवू नका हं.”

“नाही हो बाबा!”

भोक बदलायला अर्धा तास लागला. वाकडं झालेलं जुनं भोक, म्हणजे त्याची पत्र्याची खोबण, मिस्त्रीनं डबीत टाकली. मग टॅब समोर ठेवून बसून राहिला.

चौथीत असताना त्याचा बापही हेच म्हणाला होता, पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष अजून यायचं होतं. डोक्यावरचे केस गेले, ते नाही आलं. बापाचाही दोष नव्हता म्हणा. अडाणी माणसाला नव्याची भीती वाटते. हा टँकरवालाही त्यातलाच. चिडेल आज. पोरगी मोठ्या शाळेत गेली की येईल हात जोडत.

त्यानं टॅबला वायर जोडली. पडद्यावर अक्षरं आली. जुने धडे कायमचे पुसले जातील. चालेल का?

दोनशे वेळा दाबलेलं बटण त्यानं आणखी एकदा दाबलं.

चारला दोघं आली तेव्हा मिस्त्रीनं आधीच दोन स्टुलं पुसून ठेवली होती.

“ये, भिंगरे! परीक्षा उघडून ठेवलीय. दोन तास आहेत. बस आणि उडव धुरळा!”

टँकरवाला दारातच थांबला. “काय केलंत?”

“रागावू नका. मीच केलं. पैसे नकोत मला.”

“जुने धडे परत घाला.”

“आता कुठून घालू? ऑफिसनं वरूनच पुसलेत. इथल्या दोनशे टॅबमधनं मीच काढले. जगात हा एकच उरला होता बघा.” मिस्त्री हसला. “कशाला हवाय तो खोकला?”

टँकरवाला स्टुलावर बसला.

भिंगरीनं टॅब मांडीवर घेतला. परीक्षेकडे तिनं बघितलंही नाही. बोटानं सरकवत सरकवत सतराव्या धड्यावर गेली. साखरेसारखा आवाज भागाकार सांगू लागला. ती कान लावून बसली. ठरलेली जागा जवळ आली तसे तिचे ओठ हलले. थांबा हं, आलेच.

साखरेसारखा आवाज थांबला नाही. पुढे निघून गेला.

तिनं धडा मागे नेला. पुन्हा लावला. पुन्हा मागे नेला.

मग तिनं हात पुढे केला. मिस्त्रीनं डबी दिली. तिनं झाकण काढून आत बघितलं, डबी काउंटरवर उपडी केली. वाकडं भोक तेवढं टणकन पडलं.

“काका, काढलेलं तुम्ही परत देता ना?”

“देतो की. नेहमीच देतो.”

“मग माझी आई द्या.”