गरम टॉवेल

"लाइट गेल्यावर किती वेळ गरम राह्यते?" दिव्यानीने विचारले.

मिथुनने भिंतीला टेकवलेले दोन टॉवेल वॉर्मर, टॉवेल गरम करायचे विजेचे दांडे, पुढे ओढले. एका रिसॉर्टवाल्याने जास्तीचे मागवले होते, त्यातले हे उरलेले. नागभीडच्या त्याच्या दुकानात आजवर ते कोणी विचारले नव्हते.

"याच्यात नुसती तार हाय. लवकर तापते, लवकर थंडी होते. या दुसऱ्यात तेल भरलं हाय. लाइट गेली तरी अर्धा तास पाहाले नको."

"मग तेलाचा द्या." दिव्यानी बी.एस्सी. झालेली होती. तिने खोक्यावरचे आकडे नीट वाचले. "दीडशे वॉट. पाणी उडलं तं चालते ना? अर्थिंग हाय?"

"सगळं हाय. पण ताई, टॉवेल तं उन्हात वाळते. त्याले करंट कायले लावता?"

"वाळवाले नाई. अंगावरचं पाणी उडून जाताना अंगातली गरमी घेऊन जाते. तेवढ्या दोन मिनिटांत बाधते." ती थांबली. "आईले."

"माह्या हाडाले विचार ना," शेजारी उभी असलेली तिची सासू मनकर्णा म्हणाली. "थंडी पडली का सुया टोचल्यासारखं होते."

मिथुनने तिच्यासाठी स्टूल सरकवले. मनकर्णाने ते सुनेकडे ढकलले. "तू बस वं. मी बसली तं उठवाले चार मानसं लागतीन."

"किती वर्षं चालते हे?" दिव्यानीने बसल्यावर विचारले.

"दहा तं कुठी गेले नाई."

"दहा पुरे."

मनकर्णा एकदम मिथुनवरच उखडली. "दहा काऊन? वीस चालणारं नाई का तुह्याजवळ?"

"काकू, मशीनची गॅरंटी मी देतो, तुमची कोण देईन?" मिथुन हसला. त्या दोघी हसल्या नाहीत.

खोके मनकर्णानेच उचलून कमरेवर घेतले.

"आता दुखणं कुठी गेलं, काकू?"

"तुह्या दुकानात गरम हाय ना."

"वॉरंटीचं कार्ड तेवढं जपजा," मिथुनने मागून सांगितले.

बसमध्ये शेजारच्या इंदुताई भेटल्या. खोक्यात काय आहे ते कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

"पावसाळ्यात धानाचा रोवणा सुरू असला का हिले पाय दाबाले घरी ठेवतं. हिवाळ्यात हिले पहाटे चूल पेटवाले लावतं, पाणी गरम पाह्यजे म्हणून. आता टॉवेल बी गरम! पांढरं कार्ड पाहून धडधाकट सून आणली तू, आन् धानाच्या बांधीत एक पाय ठेवू देत नाई. तिचे हात देवानं काय तुहे पाय दाबाले देल्ले?"

"हो," मनकर्णा म्हणाली. "त्याच्यासाठीच आणली."

दिव्यानी खिडकीबाहेर बघत राहिली.

कार्डाची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. या भागात लग्न जुळवताना पत्रिकेच्या आधी सिकलसेलचे कार्ड मागतात. पांढरे म्हणजे रक्त निरोगी. पिवळे म्हणजे दोष मुलांकडे जाऊ शकतो. लाल म्हणजे आजार. मनकर्णाची मुलगी मयुरी हिचे कार्ड लाल निघाले. सासरच्यांना ते लग्नानंतर समजले आणि त्यांनी तिला परत धाडले. तिसऱ्या हिवाळ्यात हाडांच्या कळा सोसत ती याच घरात वारली. तेवीस वर्षांची होती.

म्हणून मुलाच्या, हेमराजच्या लग्नाच्या वेळी मनकर्णाने होणाऱ्या सुनेचे कार्ड कोणाच्या हाती लागू दिले नाही. दिव्यानीच्या वडिलांकडून, गुणवंतरावांकडून ते तिने स्वतः घेतले आणि आत खिडकीच्या उजेडात नेऊन बराच वेळ पाहिले. मग बाहेर येऊन बसलेल्या पाहुण्यांना सांगितले, "पांढरं हाय. साखर वाटा." गुणवंतरावांच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आले होते. मुलीच्या बापाला येतेच, असे सगळे म्हणाले.

संध्याकाळी हेमराज ड्रिल घेऊन बाथरूममध्ये उभा राहिला.

"टॉवेल गरम करून राह्यले! उद्या चपला गरम करान. माय, किती उंच लावू? तुह्या खांद्याएवढं?"

"अजून वर."

"तुहा हात पुरन का तिथी?"

"हात ताणला का बरं वाटते मले."

त्याने दांडा आणखी वीतभर वर बसवला. शेजारी उभ्या असलेल्या दिव्यानीच्या तो बरोबर खांद्याला आला.

सकाळी दिव्यानी आधी आत गेली. मशीन नीट चालते का बघते, म्हणाली. अंगणात मनकर्णा ओल्या केसांना पदर गुंडाळून बसली होती. तिची अंघोळ उजाडायच्या आत हापशीवर झाली होती, रोजच्यासारखी.

बाथरूममधून दबलेले कण्हणे ऐकू आले. चहा पीत असलेल्या हेमराजने मान वर केली.

"माय वं! मेली वं, माहे गुडघे!" मनकर्णा त्याच क्षणी ओरडली.

"मशीन लावून बी तेच," हेमराज पुटपुटला आणि कप ठेवून शेताकडे निघून गेला.

तो वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत मनकर्णा कण्हत राहिली. मग उठली आणि आत गेली. पत्र्याच्या पेटीतून तिने कागदांची प्लास्टिकची पिशवी काढली आणि वॉरंटीचे कार्ड तिच्यात सरकवले. पिशवीत आधीची दोन कार्डे होती, एक मयुरीचे, एक दिव्यानीचे. दोन्ही लाल.