लाल गाडीचा आचका

“बरी आसा? गाडी बरी आसा म्हणतंस?” गुरुप्रसाद सामंतांनी चावी मेकॅनिक सुशांतच्या टेबलावर आपटली. “काल बांद्याच्या पुलार टँकर माझ्या आंगार येय होतो! मागसून नुसतो हॉर्न मारी होतो! नि तू म्हणतंस बरी आसा!”

कसालच्या हायवेलगतच्या त्या गॅरेजात पाना थांबला. समोरच्या चहाच्या टपरीवरच्या माना वळल्या. गुरुप्रसादांना तेच हवं होतं.

काजूची फॅक्टरी पुतण्याच्या हाती सोपवल्यावर त्यांनी गोव्यातल्या एका गृहस्थाकडून ती लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली होती. जुनीच, पण कार्बोरेटरची नव्हे, फ्युएल इंजेक्शनची. आयुष्यभर पोती नि टेम्पो बघितलेल्या माणसाने स्वतःसाठी केलेली एकच चैन. सुरुवातीला ती भिंगरीसारखी पळाली. पावसाळा सरला आणि आचके देऊ लागली. पळता पळता इंजिनाचा आवाज मध्येच तुटायचा. बघावं तर वेग पडलेला, काटा खाली आलेला. पुढच्या क्षणी पुन्हा सगळं सुरळीत. कधी इंजिन गरम असताना, कधी थंड. कधी चढावर, कधी सपाटीला. आणि कधी आठवडाभर काहीच नाही.

सुशांतने प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला, पंप, कॉइल, थ्रॉटलचा सेन्सर. पेट्रोलचं प्रेशर दाखवणारं घड्याळ त्याने काचेसमोर बांधून दिलं. आचका आला, पण घड्याळाचा काटा जागचा हलला नाही.

शेवटी गुरुप्रसादांनीच एक खूण शोधून काढली. “आचको येता ना, तेव्हा रेडिओपण गाण्याची ओळ खाता. म्हणजे पेट्रोल नाय रे, करंट जाता!”

सुशांतला ते पटलं. अर्थिंगच्या वायरी, रिले, चावीचं कुलूप, बॅटरीची टोकं, सगळं नवं बसलं. गाडी घेऊन तो स्वतः शिरोड्यापर्यंत जाऊन आला. तिने हूं की चूं केलं नाही. आणि काल पुन्हा बांद्याच्या पुलावर हा प्रकार.

“काका,” सुशांत हात पुसत म्हणाला, “मी इतको फिरलंय, माका एकदापण आचको गावलो नाय.”

“म्हणजे मी खोटां बोलतंय?”

“तसां खंय म्हटलंय? फक्त एकदा दुसऱ्या कोणाक तरी चलवूक देवा. तुमी बाजूक बसा नि नुसतां आयका.”

टपरीवर कोणीतरी फिसकन हसलं. गुरुप्रसादांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

“जलमभर स्टिअरिंग धरलंय मी! घाटातसून भरलेले ट्रक उतरवलेत. माका गाडी चलवूक शिकवतंस?” ते टपरीकडे वळले. “आयकलास? तुमची गाडी ह्याच्याकडे देव नकात. एक खोट गावत नाय म्हणान गिऱ्हाइकाक येडो ठरवता. चोर आसा हो!”

सुशांतने बॉनेट खाली आणलं. एरवी तो ते हलक्या हाताने दाबायचा. आज धाडकन पडलं.

“चावी घेवा, काका. नि परत माझ्या दारात येव नकात.”

गुरुप्रसाद गप्प बसणारे नव्हते. कुडाळच्या बाजारात, देवळाच्या पारावर, भेटेल त्याला त्यांनी सुशांतची कथा ऐकवली. कसालच्या टॅक्सीवाल्यांनी गाड्या दुसरीकडे न्यायला सुरुवात केल्याचं कानावर आलं, तेव्हा त्यांना वाईट वाटलं नाही. जशास तसं.

त्याच सुमारास त्यांची मुलगी शर्मिष्ठा कोल्हापूरहून रजेवर आली. जेवताना तिने सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं. बाबा बोलता बोलता मध्येच थांबत, आणि पुन्हा तिथूनच तावातावाने सुरू होत. संतापाने त्यांना शब्द सुचत नाहीत, असं तिला वाटलं.

“बाबा, फाल्यां मी चलवतंय,” ती म्हणाली. “तुमी बाजूक बसा.”

“तूपण त्या चोराच्याच बाजूची?”

“बाजू कसली? साक्षीदार तरी मिळात.”

हे मात्र त्यांना मानवलं. लेकीच्या हातात आचका आला, की सुशांतच्या तोंडाला कायमचं कुलूप.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं शिरोड्याच्या दिशेने निघाली. शर्मिष्ठाचा हात सफाईदार होता. वेंगुर्ला मागे पडलं. गाडी लोण्यासारखी चालली होती. गुरुप्रसाद पुढे वाकून, डॅशबोर्डला कान लावल्यासारखे बसले होते. त्यांचं तोंड मात्र चालूच होतं.

“जरा दम धर. आता देतली बघ. एकदा दिल्यान ना, की तुका घेवन सरळ कसालाक जातलंय. त्याच टपरीसमोर उभो करतलंय त्याका. सगळ्यांदेखत माफी मागूक लावतलंय. माका म्हणता, दुसऱ्याक चलवूक देवा! सामंताक! अरे, माझ्या फॅक्टरीत…”

इंजिनाचा आवाज तुटला.

“दिल्यान!” गुरुप्रसादांनी डॅशबोर्डवर थाप मारली. इतक्या दिवसांचा संताप एका क्षणात आनंद झाला. “आयकलंस? दिल्यान ना आचको! तुझ्या हातात दिल्यान! लाव, त्या चोराक आत्ता फोन लाव!”

शर्मिष्ठा रस्त्याकडे बघत नव्हती. ती सीटवर पूर्ण त्यांच्याकडे वळून बसली होती. त्यांचा उजवा हात तिने दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

“बाबा,” ती म्हणाली, “गाडी मी केव्हाची कडेक घेवन बंद केलंय. तुमका हाका मारून मारून माझो घसो सुकलो.”