मोठी लेन्स

भावजी दातांचे डॉक्टर. "हलू नका, काही दुखणार नाही" हे वाक्य त्यांच्या जिभेवर इतकं बसलेलं, की पक्ष्यांचे फोटो काढायच्या सहलीतही ते सुटेना. गवताळ माळावर मेहुणीला शिंक आली, तर "हलू नका." वाळवंटात तिने पाण्याची बाटली उघडली, तरी "हलू नका." तिच्या मोबाइलकडे तर ते किडलेल्या दाताकडे बघावं तसे बघायचे. त्यांची स्वतःची लेन्स तोफेएवढी होती ना.

ज्याच्यासाठी एवढी पायपीट केली, तो लाल छातीचा पक्षी शेवटच्या दिवशी डोंगरातही दर्शन देईना. भावजी लेन्सला डोळा लावून समोरच्या कड्यावर नजर रोखून बसलेले. इतक्यात कुठेतरी पंख फडफडले आणि गाइडसकट सगळ्यांचे कॅमेरे गर्रकन भावजींकडे वळले.

"कुठंय? कुठंय?" लेन्सवरचा डोळा न काढता भावजी कुजबुजले.

मेहुणीने मोबाइल सावकाश वर धरला.


"तुमच्या टोपीवर, भावजी. हलू नका, काही दुखणार नाही."