प्रयोगात घेऊ का?

आयसीयूच्या दारात डॉक्टरांनी कागद पुढे केला आणि विचारलं, "काकू, काकांना प्रयोगात घेऊ का?" झालं, काकूंचा पार गोंधळ उडाला! तीस वर्षं काका नाटकांचे पडदे ओढत आले, पण प्रयोगात त्यांना कधी कुणी घेतलं नव्हतं.

"अहो, ते शुद्धीवर नाहीत. काम कसं करतील?"

"आई, औषधाचा प्रयोग गं," लेक कानात पुटपुटली. "नवं द्यायचं की जुनं, ते कॉम्प्युटर ठरवणार."

"मग यातलं चांगलं कुठलं?"

"तेच तर शोधतोय," डॉक्टर म्हणाले. "नको असेल तर नाही म्हणा, नेहमीचे उपचार चालूच राहतील."

काकूंचं डोकं आणखीनच गरगरलं. "इतकं शिकून तुम्हालाच माहीत नाही, आणि ठरवायचं मी? तुमच्या घरचं माणूस असतं तर केली असती सही?"

"केलीये, काकू. सात नंबरच्या कॉटवर माझी आई आहे. तिला कुठलं औषध मिळतंय, ते मलाही सांगत नाहीत."

काकूंनी पेन घेतलं. पण सही नेमकी कुठे करायची, ते काकूंना आणि डॉक्टरांना, दोघांनाही भरल्या डोळ्यांनी बराच वेळ सापडेना.