नानांचं घोडदळ

अमळनेरचे अभिमन नाना दोन वर्षांपासून बोटभर उंचीचे, शिशाचे जुने सैनिक रंगवत होते. लेक दिपमाला नोकरीसाठी जर्मनीला निघाली, तेव्हा बापलेकीचं ठरलं होतं. दोन्ही फौजा रंगवून झाल्या की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी येणार आणि जेवणाच्या टेबलावर दोघं खर्ड्याची लढाई खेळणार. नाना मराठ्यांकडून, ती निजामाकडून.

आखाजी आठ दिवसांवर आली आणि सकाळीच तिचा फोन आला. "नाना, यंदाही सुट्टी नाही मिळाली हो. तुम्ही तर सगळी फौज तयार करून बसला असाल..."

"कसली तयार!" नाना हसले. "घोडदळ अख्खं रंगवायचं पडलंय. तू आली असतीस तर माझीच फजिती झाली असती. सावकाश ये, पुढच्या वर्षी."

"खरंच?" तिचा आवाज एकदम मोकळा झाला. "मग बरंच झालं!"

नानांनी फोन ठेवला. त्यांच्या बायकोने, वच्छलाबाईंनी, टेबलाकडे पाहिलं. दीडशेच्या दीडशे घोडेस्वार भगव्या झुली आणि काळ्याभोर मिशांसकट चमकत उभे होते.

"बठ्ठा घोडा ते रंगाई ग्यात," त्या म्हणाल्या. "पोरले खोटं का बरं सांगं?"

लेकीशी नाना आजवर एकदाही खोटं बोलले नव्हते. थोड्या वेळाने त्यांनी वाटीत थिनर ओतलं, पहिला घोडेस्वार त्यात बुडवला आणि कापसाच्या बोळ्याने त्याचा रंग पुसायला घेतला.